अडतीस नंबरची हजेरी

१

सकाळी दहा वाजता मशीनला एकच प्रश्न तीनदा विचारला आणि तीन वेगळी उत्तरं आली.

प्रश्न होता, समुद्रातलं वादळ तीन दिवसांनी कुठे असेल. पहिल्या खेपेला मशीननं वादळ किनाऱ्यावर आणून सोडलं. दुसऱ्या खेपेला ते भर समुद्रात ठेवलं. तिसऱ्या खेपेला वादळं दोन झाली. हवामान खात्यातून आलेल्या पाहुण्यांपैकी एकानं शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. आमच्या साहेबांनी घसा खाकरून चहा मागवला.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. कारण सगळ्यांच्या मते बिघडलं होतं ते माझ्या धाकट्या जावेचं कार्ड.

ती आणि मी एकाच संस्थेत कामाला आहोत. मी बावीस वर्षं तपासणी विभागात आहे. संस्थेतलं कुठलंही मोजायचं यंत्र खरं बोलतं की नाही, ते मी ठरवते. न मोजता मी कशावर सही करत नाही, म्हणून सगळे मला 'काटा' म्हणतात. दुसऱ्याही कारणानं म्हणत असतील. धाकटीला येऊन तीन वर्षं झाली. डिझाइनच्या ज्या जागेसाठी मी दोनदा अर्ज केला होता, ती जागा तिला पहिल्या मुलाखतीत मिळाली. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण कुणीतरी माझ्या घरात डोकावूनच केली असावी.

तिचं कार्ड काय करतं ते सांगते. आमच्या मशीनमध्ये चौसष्ट प्रोसेसर आहेत, आठ कपाटांत आठ-आठ, प्रत्येक आपापल्या बोर्डावर. वादळाच्या नकाशाचे चौसष्ट तुकडे करून प्रत्येकाला एकेक देतात. प्रत्येकानं आपल्या तुकड्याचा एक टप्पा सोडवायचा आणि थांबायचं. सगळ्यांचं झालं की शेजाऱ्याच्या कडेचे आकडे घ्यायचे आणि पुढचा टप्पा धरायचा. कुणी आधीच पुढे पळालं तर ते शेजाऱ्याचे शिळे आकडे उचलतं आणि सगळं गणित नासतं. म्हणून शेवटचा येईपर्यंत सगळ्यांना अडवून धरायचं, हे काम धाकटीच्या कार्डाचं. प्रत्येक प्रोसेसरकडून एक तार कार्डाकडे येते. 'मी पोचलो' म्हणजे तार वर. चौसष्टही तारा वर झाल्या की कार्ड त्याच क्षणी सगळ्यांना सोडतं. इमारतीत त्याला 'नाका' म्हणतात.

नाक्यावर प्रत्येक प्रोसेसरचा एक बारीक दिवा आहे. जो शेवटी येतो त्याचा दिवा जळत राहतो. पण कार्ड बंद पेटीत असतं, पेटीला धाकटीचं सील असतं, त्यामुळे ते दिवे तिच्याशिवाय कुणी बघत नाही. मागच्या रविवारी जेवताना ती हसत म्हणाली, "सगळे सारखे म्हणतात, पण एक जण रोज शेवटी येतो. बाकीचे त्रेसष्ट ताटकळतात." सासूबाई म्हणाल्या, "मग त्याला जरा लवकर निघायला सांग." सगळे हसले. मी मात्र मनात म्हटलं, जेवतानासुद्धा हिला स्वतःच्याच कार्डाचं कौतुक. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा आणि माझा दीर, आमच्याच संस्थेत बोर्ड-पंख्यांची देखभाल करतात. ते पाणी आणायला उठले ते बराच वेळ आलेच नाहीत.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

२

"चार वाजता बैठक आहे," साहेब म्हणाले. "त्याच्या आत मला एका कागदावर एवढंच हवंय. कार्डात दोष आहे की नाही. असेल तर कार्ड काढायचं आणि सबुरीरावांची जुनी पद्धत परत लावायची."

"आणि तिचं काय?"

"त्यांची नेमणूक या कार्डापुरतीच आहे. कार्ड गेलं की त्याही जाणार. माझा इलाज नाही."

"साहेब, ती माझी जाऊ आहे. नात्यातलं माणूस तपासणीला चालतं का?"

साहेब सकाळपासून पहिल्यांदाच हसले. "तुम्ही तिची बाजू घ्याल, असा संशय या इमारतीत एकालाही यायचा नाही. म्हणून तर तुम्हीच."

हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण जिना उतरून खाली आल्यावर.

कार्ड घेऊन धाकटी स्वतःच आली. डोळे सुजलेले होते, तरी केस नीट होते. तिचे केस नेहमी नीट असतात.

"ताई, तुम्ही बघताय म्हणून बरं वाटतंय," ती म्हणाली. "तुम्ही न मोजता काही लिहीत नाही."

"तू बाहेर बस," मी म्हटलं.

मी कार्ड टेबलावर घेतलं. चौसष्टपैकी त्रेसष्ट तारा वर केल्या. कार्ड गप्प. चौसष्टावी वर केली, तेव्हाच त्यानं सोडलं. असं दोनशे वेळा केलं, दर वेळी वेगळी तार मागे ठेवून. कार्ड एकदाही फसलं नाही. मग मी एक केबल सरळ उपटून काढली. वाटलं, इथे तरी सापडेल. पण तिनं कार्ड असं केलं होतं की केबल निघाली तर तो प्रोसेसर आलाच नाही असं धरायचं आणि थांबायचं. वायर सैल झाली असती तर मशीन अडकलं असतं. चुकलं नसतं.

मला राग आला. इतक्या वर्षांत मी कुठल्याही कार्डावर असं चोख काम बघितलं नव्हतं आणि ते बघायची वेळ माझ्यावर तिच्याच कार्डानं आणावी!

मग डोकं थंड झालं. कार्ड चांगलं, वायर सैल नाही, तरी उत्तर चुकलं. याचा अर्थ एकच. कुणीतरी जागेवर पोचलेलं नसताना त्याच्या नावानं दुसरंच कुणी 'हजर' म्हणत होतं.

३

कार्ड परत पेटीत बसवलं आणि सबुरीरावांना बोलावलं. मशीनवर चालतो तो प्रोग्रॅम त्यांचा. पन्नाशीचे, काटकुळे, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. कुणी घाई केली की "जरा सबुरीनं" म्हणतात, म्हणून ते नाव.

"एकेका प्रोसेसरला झोपवता येईल?" मी विचारलं. "एक झोपला की बाकीच्या त्रेसष्टांनी थांबायला हवं. जो झोपला असतानाही मशीन पुढे जाईल, तो लबाड."

त्यांनी चष्मा पुसला. "शाळेतली हजेरी घेताय की काय?"

"तसंच समजा."

शून्यापासून सुरुवात केली. शून्य झोपला, मशीन थांबलं. एक झोपला, मशीन थांबलं. दहा, वीस, तीस. सबुरीराव कंटाळून जांभया द्यायला लागले. पस्तीस, थांबलं. सदतीस, थांबलं.

अडतीस झोपला आणि मशीन आपलं मजेत चालत राहिलं.

सबुरीरावांची जांभई अर्ध्यावर राहिली. आम्ही पाचवं कपाट उघडलं आणि अडतीस नंबरचा बोर्ड बाहेर ओढला. बोर्डाच्या कोपऱ्यात दोन पिना असतात. नवा बोर्ड कपाटात लावून बघताना त्याच्यापायी बाकीचे अडून बसू नयेत, म्हणून त्या पिनांवर नखाएवढी टोपी घालतात. टोपी असेपर्यंत त्या बोर्डाची तार कायम वर राहते. काम झालं की टोपी काढायची असते.

अडतीसच्या पिनांवर टोपी होती.

"काढायची राहिली असेल हो कुणाकडून," सबुरीराव म्हणाले.

मी ती चिमट्यानं काढून तळहातावर घेतली. बारा वर्षांपूर्वी मीच नियम केला होता की या कामाच्या टोप्या लाल हव्यात, म्हणजे राहिली तर लांबून दिसेल. तेव्हापासून इमारतीत सगळे लालच वापरतात. ही काळी होती आणि पिनांच्या काळ्या बैठकीवर मुळीच दिसत नव्हती.

"सबुरीराव," मी म्हटलं, "विसरलेली टोपी लाल असते."

४

काल संध्याकाळी सहा वाजता रंगीत तालीम झाली होती. दहा वेळा प्रश्न विचारला, दहाही वेळा एकच उत्तर. त्यानंतर कपाटांची किल्ली कुणी कुणी घेतली, ते पहारेकऱ्याच्या वहीत होतं. काल साडेसहाला सबुरीराव. आज पावणेआठला वायरमामा. सव्वाआठला भाऊजी, पंखे बघायला. तिघंच. भाऊजी घरचे, त्यांना शेवटी विचारू म्हटलं.

सबुरीरावांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"जळलो ना," ते म्हणाले. "अजून जळतोय. नाका यायच्या आधी सगळे प्रोसेसर मेमरीतल्या एकाच खणापाशी येऊन विचारायचे, आले का सगळे, आले का सगळे. कामापेक्षा चौकशीच जास्त. ती गर्दी कमी करण्यात माझी चार वर्षं गेली. हिनं तारा ओढल्या आणि तीन महिन्यांत माझा कारभार आटोपला."

"मग टोपी तुम्हीच घातली असं म्हटलं तर?"

"म्हणा. पण पडद्यावर दोन वादळं दिसली ती माझ्या प्रोग्रॅमनं काढलेली. माझं मशीन हळू चाललं असेल, खोटं कधी बोललं नाही. हिला बुडवायला मी स्वतःचं नाक कापून घेईन?" त्यांनी परत चष्मा पुसला. "आणि दुसरं, बाई. टोपी कुणाला घालायची हे मला कसं कळणार? जो शेवटी येतो त्यालाच घातली तर उत्तर बिघडतं. मधल्या कुणाला घालून काय उपयोग? तो तसाही इतरांच्या आधी आलेलाच असतो."

"नकाशाचा अवघड तुकडा ज्याच्याकडे जाईल तोच शेवटी येईल ना? वाटणी तुमचीच असते."

"वाटणी माझा प्रोग्रॅम चिठ्ठ्या टाकून करतो. दर वेळी नवी. आज तीनदा तीन वाटण्या झाल्या आणि तिन्ही वेळा अडतीसनंच घात केला." ते थांबले. "हे मात्र चमत्कारिक आहे. एखादा प्रोसेसर जन्मतःच सावकाश असेल तरच असं होईल. पण सगळे सारखे आहेत. तशी यादीच आहे आपल्याकडे, सही-शिक्क्याची."

वायरमामा कपाटांच्या मागे जमिनीवर बसून केबलींची वेटोळी बांधत होते. इमारतीतला प्रत्येक धागा त्यांनी ओढलेला आहे. वय साठीच्या अलीकडे, तोंड फाटकं.

"तुमची जाऊ ना, ती बाई नाही, फूटपट्टी आहे," ते म्हणाले. "चौसष्ट केबली एका लांबीच्या हव्यात म्हणाली. का, तर सगळ्यांना सुटायचा निरोप एकाच वेळी मिळायला हवा. जवळच्या कपाटाची केबलपण तेवढीच लांब. मग उरलेली गुंडाळत बसा! मी एवढी वर्षं वायर ओढली, माझ्या कामाला कुणी पट्टी लावली नव्हती."

"म्हणून टोपी घातलीत?"

"टोपी? मी बोर्डांना शिवत नाही. त्यातलं मला काय कळतं? तिचं वाकडं करायचं तर एक केबल कापली असती, राजरोस." त्यांनी दातानं गाठ आवळली. "आणि धरसोड तरी किती! आधी म्हणाली, मामा, पेटीच्या दाराला चौसष्ट भोकं पाडा, प्रात्यक्षिक झालं की दिवे बाहेर आणू, कोण शेवटी येतो ते सगळ्यांना दिसेल. पाडली. काल संध्याकाळी घरी जाताना म्हणते, दिवे नकोत, भोकं बुजवा. आज सकाळी पावणेआठला येऊन मी भोकंच बुजवत होतो. विचारा तिलाच."

मी पेटीचं दार बघितलं. चौसष्ट भोकं होती आणि चौसष्टही बुजवलेली होती. धरसोड, मी मनात म्हटलं, आणि त्या क्षणी मला तेही आवडलं.

घड्याळात सव्वादोन वाजले होते. कुणाकडे टोपी घालायला कारण होतं, कुणाकडे किल्ली होती. पण चौसष्टांतून अडतीसच का निवडायचा, हे माहीत असलेलं माणूस अजून माझ्या समोर आलं नव्हतं.

५

अडतीसचा बोर्ड घेऊन मी खोलीत आले आणि विजेचे ठोके दाखवणारा स्कोप लावला. प्रत्येक बोर्डावर एक क्रिस्टल असतो. त्याच्या ठोक्यावर प्रोसेसर काम करतो. सदतीस आणि एकोणचाळीसचे ठोके मोजले, अगदी बरोबर. मग अडतीसचे मोजले.

शंभराला त्र्याण्णव.

पुन्हा मोजले. स्कोप बदलून मोजले. त्र्याण्णवच. कुणीतरी या बोर्डावरचा क्रिस्टल काढून सावकाश ठोक्याचा बसवला होता. हात लागलेली जागा इतकी सफाईनं झाळलेली होती की मोजल्याशिवाय कळली नसती. म्हणजे चिठ्ठी काहीही निघो, हा बिचारा बहुतेक वेळा शेवटीच येणार.

मी कपाटातून बोर्डांची यादी काढली. चौसष्ट ओळी, प्रत्येकीपुढे शंभर. अडतीसपुढेही शंभर. खाली सही होती. माझी.

मी खुर्चीत बसून राहिले. मग आठवलं. यादी केली त्या दिवशी मी त्रेसष्ट बोर्ड मोजले होते. अडतीस दुरुस्तीला गेला होता. संध्याकाळी भाऊजी यादी घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, एकच राहिलाय, तोही तसाच आहे. तुम्ही सही करा, मी उद्या आणून दाखवतो." दुसऱ्या कुणाला मी दारातून परत पाठवलं असतं. पण भाऊजी घरचे. शिवाय निघताना ते म्हणाले होते, "घरात एक इंजिनियर तुम्हीच खऱ्या, बाकी नुसता गाजावाजा." बायकोबद्दलचं ते वाक्य मी चांगले दोन दिवस चघळलं होतं. बोर्ड मागायचं राहूनच गेलं.

शेवटी कोण येतो हे धाकटीला दिव्यांवरून माहीत होतं. पण तिनं स्वतःचंच कार्ड कशाला बुडवावं? तो सावकाश का आहे, आणि मुळात सावकाश आहे, हे ज्यानं क्रिस्टल बदलला त्यालाच माहीत असणार. आणि रविवारच्या जेवणातून उठून पाणी आणायला गेलेला माणूस परत यायला एवढा वेळ का लावतो, हेही मला आत्ता कळत होतं.

दारावर टकटक झाली. भाऊजीच होते.

६

टेबलावरचा बोर्ड त्यांनी बघितला. त्याच्याशेजारची काळी टोपी बघितली. मग दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसले.

"तापायचा तो," ते म्हणाले. "पूर्ण ठोक्यावर तासाभरात बंद पडायचा. सुटा भाग मिळायला सहा महिने लागणार होते. मी ठोका कमी केला, चालायला लागला. कुणाला कळणार होतं? सबुरीरावांच्या गर्दीत सगळेच उशिरा यायचे. हिचा नाका आला आणि माझा एक दिवा जळायला लागला."

"तिनं तुमचं नाव कुठे घेतलं होतं?"

"घ्यायला कशाला हवं? दिवे बाहेर येणार होते. रोज सगळी इमारत येता-जाता बघणार, अडतीस, अडतीस. बायको सगळ्यांच्या पुढे आणि नवऱ्याचा बोर्ड सगळ्यांच्या शेवटी." त्यांनी हातांकडे बघितलं. "वहिनी, घरी पाहुणे आले की तिलाच विचारतात, नवीन काय चाललंय. मला विचारतात, चहा घेणार का. तिचं चांगलं झालं की मी टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन मला झोप लागत नाही. वाटलं, एकदा, एकदाच तिचं चुकावं. दिवे आणि नाका दोन्ही जातील आणि आम्ही पुन्हा सारखे होऊ."

"तिची नोकरी जाईल."

"मला ते आज सकाळी कळलं. आईशप्पथ, आधी माहीत नव्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

ते स्टूल माझ्याजवळ ओढून हळूच म्हणाले, "तुम्ही एक वाक्य लिहा. 'कार्डात दोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' यात खोटं काहीच नाही. तुमची सहीपण वाचेल. मी बोर्ड बदलून टाकतो. आणि वहिनी, रागावू नका, पण तुम्हालाही हेच हवंय ना?"

आयुष्यात मला बरीच माणसं टोचून बोलली आहेत. पण कुणाचं बोलणं इतकं खरं नव्हतं. सकाळी त्या भिंतीला टेकून मी जशी उभी होते, तसाच हा माणूस माझ्यासमोर बसला होता. त्यानं टोपी घातली होती, मी नुसती खूश झाले होते. फरक होता, पण मिरवण्याइतका नव्हता.

"भाऊजी," मी म्हटलं, "पावणेतीन वाजलेत. बैठक चारला. मी कागदावर काय मोजलं ते लिहिणार, माझ्या सहीचंही लिहिणार. टोपी कुणाची ते लिहिणार नाही. ते तुम्ही येऊन सांगायचं. नाही आलात तर मी सांगेन."

ते उठले. दार उघडून बाहेर पडले. जिन्यावर त्यांची पावलं वर साहेबांच्या खोलीकडे गेली नाहीत. ती खाली, बाहेरच्या दाराकडे गेली.

७

चार वाजता साहेबांच्या खोलीत मी, धाकटी, सबुरीराव आणि वायरमामा होतो. पाचवी खुर्ची रिकामी होती.

मी कागद वाचला. कार्डात दोष नाही. अडतीस नंबरच्या बोर्डावर काळी टोपी मुद्दाम घातलेली होती. त्याचा क्रिस्टल बदललेला आहे. तो न मोजता यादीवर सही केली ती मी, आणि ती चूक माझी. वायरमामा पुटपुटले, "काटाच हलला की हो."

धाकटी 'अडतीस' ऐकल्यापासून खाली बघत होती.

"टोपी कुणी घातली?" साहेबांनी विचारलं.

"जरा थांबू या," मी म्हटलं. "अजून एक जण यायचाय."

चार वाजून पाच मिनिटं झाली. साहेबांनी पेन आपटलं. सहा झाली. सबुरीरावसुद्धा सबुरी सोडून घड्याळ बघायला लागले. "आपण सुरुवात करू," साहेब म्हणाले. "एका माणसापायी किती वेळ बसायचं?"

"थांबू या, साहेब," धाकटी म्हणाली. आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "तो येईल."

म्हणजे तिला कळलं होतं. किल्ली कुणी घेतली तेही तिनं विचारलं नव्हतं. मला एकदम वायरमामांचं बोलणं आठवलं.

"तू काल भोकं का बुजवायला सांगितलीस?" मी हळूच विचारलं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी तो जेवणातून उठला, ताई. चार दिवस मला कळेचना का. काल संध्याकाळी पेटी उघडली, दिवा बघितला, बोर्ड कुणाचा ते बघितलं, तेव्हा कळलं. दिव्यांशिवाय नाका काही अडत नाही."

टोपी आज सव्वाआठला बसली होती. भोकं त्याआधी, पावणेआठपासून, बुजत होती. ज्या दिव्याच्या भीतीनं त्यानं हे केलं, तो दिवा तिनं त्याच्याचसाठी आदल्या संध्याकाळीच बंद करून टाकला होता आणि उपकार केल्यासारखं होऊ नये म्हणून घरी बोलली नव्हती. मामांना मात्र ती धरसोड वाटली, आणि मलाही.

चार वाजून अकरा मिनिटांनी दार उघडलं. भाऊजी घामानं भिजले होते, बहुतेक इमारतीला दोन-तीन चकरा मारून आले असावेत. ते बसले नाहीत. उभ्यानंच, साहेबांकडे नाही, बायकोकडे बघून म्हणाले, "टोपी मी घातली."

साहेबांनी कागद ओढला आणि लिहायला लागले. भाऊजींचं काय होणार ते त्या कागदावर होतं, आणि ते चांगलं नव्हतं. धाकटीनं शेजारची रिकामी खुर्ची पायानं थोडी मागे सरकवली, त्याला बसता येईल एवढी. ती रडत होती. त्याच्याकडे तिनं बघितलं नाही. पण खुर्ची सरकवली.

मी माझी सही केलेला कागद साहेबांपुढे ठेवला आणि बाहेर आले. तिची जागा, तिचं डोकं, तिचे नीट केस, या सगळ्याचा मी तीन वर्षं हेवा केला होता. आत्ता वाटलं त्यापुढे तो सगळा मिळून काहीच नव्हता. शेवटी येणाऱ्यासाठी साहेबांना थांबवणारं, त्याची खुर्ची धरून ठेवणारं माणूस भाऊजींना मिळालं होतं, आणि त्या दारातून आत येईपर्यंत त्यांना ते माहीत नव्हतं. जिना उतरताना मला पहिल्यांदाच तिचा नाही, त्यांचा हेवा वाटला.